ताबूत, घंटा आणि तोफ

सांगली जिल्ह्यातील कडेगावची ओळख वृत्तपत्रे दरवर्षी एकाच विशेषणाने करून देतात : गगनचुंबी ताबूतांचे गाव. मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या बातमीत ताबुतांची उंची फुटांत दिलेली असते, गर्दीचा अंदाज असतो, हिंदू-मुस्लिम ऐक्याचा गौरव असतो आणि उपस्थित पुढाऱ्यांची यादी असते. ताबूत कशासाठी उचलायचे, एवढे एक त्या बातमीत नसते. ताबूत या शब्दाचा मूळ अर्थच शवपेटी असा आहे. शवपेटीची उंची मोजून परत येणाऱ्या पाहुण्याला काय म्हणावे?

कडेगावात जे उचलले जाते ती एका युद्धाची स्मृती आहे. इ.स. ६८० च्या ऑक्टोबरात, फरात नदीच्या खोऱ्यातील करबलेच्या मैदानावर पैगंबरांचे नातू हुसेन आणि त्यांचे सुमारे बहात्तर सोबती एका प्रचंड सैन्याकडून मारले गेले. त्याआधी नदीचे पाणी तोडून त्यांना तहानेने व्याकूळ केले होते. परंपरेनुसार मृतांत एक सहा महिन्यांचे तान्हे मूलही होते. लौकिक हिशेबाने हा संपूर्ण पराभव होता. राज्य यजीदाचे राहिले, सैन्य त्याचे राहिले, खजिना त्याचा राहिला. आज मात्र यजीदाच्या विजयाचा उत्सव कोणी करीत नाही आणि हरलेल्याची शवपेटी तेराशेहून अधिक वर्षे जगभर खांद्यावर वाहिली जाते. कृष्णेच्या खोऱ्यातील या गावात ती दीडशेहून अधिक वर्षे वाहिली जात आहे. बांबू, दोरा आणि कागद अशा साहित्यातून, कळसाकडून पायाकडे बांधत येण्याच्या इथल्या रीतीने, मजल्यावर मजला चढतो. मानाचे ताबूत हिंदू घराण्यांचेही असतात. शेकडो खांदे लागल्यावाचून ताबूत हलत नाही आणि दोन्ही धर्मांचे खांदे असल्यावाचून ते शेकडो भरत नाहीत. मग चौकात ताबुतांच्या भेटी होतात. युद्धाची आठवण गावाला भेटीपर्यंत आणून सोडते, ही साधी गोष्ट नव्हे.

माझे म्हणणे असे की युद्ध कसे आठवावे याचा धडा कडेगावपाशी आहे आणि आपण, म्हणजे महाराष्ट्र आणि त्यातला आपला कॅथलिक समाजही, तो गिरवायला तयार नाही. आपल्याला युद्धाची आठवण हवी असते ती छाती फुगवण्यासाठी. मान खाली घालायला लावणारी आठवण आपण एक तर विसरतो किंवा तिची उंची मोजत बसतो.

चौकाचौकांतून मांडलेले निवृत्त रणगाडे पाहा. मुले त्यांच्यावर चढतात आणि आईबाप छायाचित्रे काढतात. अहिल्यानगर, पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ साली रणगाड्यांचे एक मोठे संग्रहालय सुरू झाले आणि ते पाहण्यासारखे आहे. परंतु पोलाद टिकते म्हणून संग्रहालयात येते. त्या पोलादात होरपळलेला माणूस येऊ शकत नाही. हा संग्रहालयाचा दोष नसून वस्तूचा स्वभाव आहे. म्हणूनच जे मांडलेले नाही ते मनाने भरून काढण्याचे शिक्षण पाहणाऱ्याला मिळाले पाहिजे. ते कोण देते? चित्रपट तर देत नाही. 'तान्हाजी' (२०२०), 'पावनखिंड' (२०२२), 'छावा' (२०२५) या चित्रपटांच्या खेळांना प्रेक्षागृहे घोषणांनी दुमदुमली. त्या वीरांच्या शौर्याबद्दल कोणाच्याही मनात किंतु नाही. परंतु पडद्यावरचा शत्रू हा माणूस असतो, त्याला आई असते आणि रात्री त्याच्याही तंबूत कोणी कण्हत असते, याची आठवण देणारे एखादे दृश्य आपण सहन तरी करू का?

मराठी भाषा स्वतः असे आठवत नव्हती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली. भाषेने ते कसे जतन केले? 'पानिपत होणे' हा सर्वनाशाचा वाक्प्रचार झाला, 'संक्रांत कोसळणे' रूढ झाले, 'विश्वास पानिपतात गेला' असे बोलण्यात आले. पराभव लपवावा असे त्या पूर्वजांना वाटले नाही. त्यांनी तो रोजच्या बोलण्यात ठेवला, त्यामुळे सणाच्या दिवशीही मराठी माणसाला मरणाची आठवण राहिली. ही कडेगावचीच रीत होती. ताबूत तेवढा शब्दांचा होता.

आता दगडी स्मारकांकडे वळू. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि ब्रिटिशांनी तेथे त्यांचे स्मारक उभारले. सातारा-सांगलीच्या कितीतरी गावांतून मुलगे त्या युद्धावर गेले. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. टायग्रिसच्या काठी कुत येथे त्यांना वेढा पडला, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यांतले पुष्कळ कैदेत मेले. ज्या करबलेचे ताबूत कृष्णाकाठी निघतात, ती करबला याच मुलुखात आहे. आपल्या मुलांच्या मरणाचे ठिकाण आपल्या मोहरमच्या नकाशात होते, तरी आपण दोहोंची सांगड कधी घातली नाही.

या मृतांची नावे कोठे कोरली गेली? बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार केवळ आकडा आहे. ज्या आयोगाकडे या स्मारकांची व्यवस्था आहे, त्या कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाचा अहवाल प्रसिद्ध केला. मुख्यतः आफ्रिका, हिंदुस्थान व मध्यपूर्वेतील ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि निदान आणखी १ लाख १६ हजार जणांची नावे नोंदलीच गेली नाहीत, अशी कबुली त्यात आहे. साम्राज्याने मृतांतही प्रतवारी लावली होती. हे वाचून संताप यावा हे योग्यच. पण संतापल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा : आपल्या तालुक्यातून गेलेल्यांची नावे आपण तरी कोठे लिहून ठेवली?

येथवर इतरांविषयी झाले. आता घरातले.

वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. त्या घाटावर एक मोठी पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मरियामाता आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि तेथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभर गेल्या, त्यांतलीच ही एक. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा १७२१ ची. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. आपल्या समाजात अधूनमधून सूर निघतो की या घंटा आपल्याला परत मिळाल्या पाहिजेत. दुसरीकडे काही इतिहासप्रेमी त्या घंटांपाशी उभे राहून असे बोलतात की जणू काल सायंकाळी वसई पडली आणि आपण सारे किल्ल्यातच होतो.

मला दोन्ही सूर बेसूर वाटतात. घंटा लुटीची आहे हे सत्य आहे. पण ज्या सत्तेच्या छत्राखाली ती प्रथम वाजली, त्या सत्तेने साष्टी-वसईत देवळे मोडली, मंडपेश्वरच्या लेण्याचे चर्च केले, आणि गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण सभा बसवली, हेही सत्य आहे. घंटेच्या लुटीबद्दल गळा काढणाऱ्याने लेण्यातल्या मोडलेल्या मूर्तींसाठी एक अश्रू राखून ठेवावा. उलट, विजयाचा अभिमान सांगणाऱ्याने तहाची कलमेही सांगावीत. वसईच्या शिबंदीला सन्मानाने बाहेर जाऊ दिले गेले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. आज वसईत चर्चच्या घंटा वाजतात त्या या कलमाच्याही आधाराने. वसईच्या तटाखाली मेलेला मावळा आणि तटावर मेलेला गोलंदाज यांच्यासाठी एकच ताबूत उचलण्याची रीत मात्र आपल्यात पडली नाही.

वसईही बाजूला ठेवू. दर ७ ऑक्टोबरला आपण पवित्र जपमाळेच्या राणीचा सण पाळतो. ती तारीख कुठून आली? १५७१ साली त्या दिवशी लेपांतो येथे ख्रिस्ती आरमाराने तुर्की आरमाराचा पराभव केला. परमगुरू पाचवे पायस यांनी दुसऱ्या वर्षी तो दिवस 'विजयाच्या मातेचा' म्हणून ठरवला. त्यांच्यामागून आलेल्या तेराव्या ग्रेगरींनी १५७३ मध्ये त्याला जपमाळेचे नाव दिले. नावातला हा बदल लहान नाही. ख्रिस्तसभेने तारीख पुसली नाही, पण तोफेच्या जागी जपमाळ ठेवली. आपल्यातले काहीजण आता त्या दिवशी पुन्हा लेपांतोच्या गलबतांची चित्रे वाटत आहेत. पवित्र आईच्या हातात पुन्हा पलिता देणे ही कसली भक्ती?

याच ख्रिस्तसभेने दुसरीही वाट दाखवली आहे. महायुद्ध पेटलेले असता, १० ऑगस्ट १९१५ रोजी परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी सर्व मृत भाविकांच्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुज्ञा दिली. त्यांतली एक सर्व मृतांसाठी. फ्रेंच धर्मगुरूने फक्त फ्रेंचांसाठी आणि जर्मनाने फक्त जर्मनांसाठी ती करावी, असे त्यांनी म्हटले नाही. वेदीवर मृतांची वर्गवारी चालत नाही. दरवर्षी २ नोव्हेंबरला आपण ज्या तीन मिस्सांना जातो, त्यांचा विस्तार युद्धात झाला आहे हे किती जणांना ठाऊक आहे?

दिल्लीतील 'बीटिंग रिट्रीट' समारंभातून २०२२ साली 'अबाइड विथ मी' या प्रार्थनागीताची धून वगळली गेली तेव्हा आपल्याकडे नाराजी उमटली. गांधीजींना प्रिय असलेले ख्रिस्ती गीत गेले, असे आपण म्हणालो. तक्रार चुकीच्या जागी होती. धून ख्रिस्ती होती म्हणून ती राहायला हवी होती असे नाही. शौर्याच्या चालींच्या त्या सायंकाळी ती मावळतीची आणि मरणाची आठवण होती, म्हणून ती राहायला हवी होती. तिच्या जागी मराठीतली किंवा तमिळमधली शोकाची धून आली असती तरी मी आनंदाने गप्प बसलो असतो. आपण आपल्या वाट्याचे ख्रिस्तीपण मोजले. राष्ट्राच्या वाट्याचा शोक मोजला नाही.

यावर आक्षेप येईल की असा शोक राष्ट्राला दुबळे करतो, सीमेवरच्या जवानाला अभिमान हवा असतो. अभिमान हवाच. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकावर एकेका जवानाचे नाव कोरलेले आहे आणि ते उत्तम झाले. परंतु शोक टाळणारे राष्ट्र बलवान होते, हे खरे नाही. ते फक्त अनभिज्ञ राहते. कडेगाव तालुक्यातल्याच देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, ते चीनकडून झालेल्या पराभवाच्या राखेवर. त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ साली तयार झाला. साठ वर्षे उलटून गेली तरी शासनाने तो प्रसिद्ध केलेला नाही. त्या बर्फात जे मेले, त्यांच्या मरणाचे कारण त्यांच्या नातवंडांनाही अधिकृतपणे सांगितले जात नाही. याला कोणी अभिमान म्हणत असेल तर त्याने तो शब्द पुन्हा तपासावा.

मग करावे काय? घंटा परत मागू नयेत. मेणवलीच्या घाटावर शुद्ध मराठीत एक फलक लागावा, एवढे मागावे : ही घंटा कोठली, कशी आली, त्या युद्धात दोन्ही बाजूंची माणसे मेली. ७ ऑक्टोबरच्या प्रवचनात लेपांतोचे नाव घ्यावे आणि त्या दिवशी बुडालेल्या तुर्कांसाठीही जपमाळेचे एक दशक म्हणावे. २ नोव्हेंबरला प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या पंचक्रोशीतून युद्धात गेलेल्या जवानांची नावे, ते कोणत्याही धर्माचे असोत, शोधून वेदीपुढे वाचावीत. बसऱ्याच्या दगडावर जे आकडे होऊन पडले आहेत, त्यांना त्यामुळे निदान एकदा नाव मिळेल.

ज्या धर्माचे चिन्ह क्रूस आहे, त्याला हे अवघड जाऊ नये. क्रूस हे रोमन सत्तेचे शिक्षेचे हत्यार होते, आणि गुड फ्रायडेला आपण मृत ख्रिस्ताची मूर्ती खांद्यावर घेऊन रस्त्याने चालतो. हरलेल्याची शवपेटी वाहणे म्हणजे काय, ते आपल्याला कडेगावइतकेच माहीत असायला हवे. मोहरमला तेथे जाणाऱ्या आपल्या वाचकांना एकच विनंती. ताबुताची उंची विचारू नका. खांदा द्यायला जागा आहे का, ते विचारा.