पुढारी जोखावा तो शिवारात



रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते. संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला मुलखामुलखांतून बंजारा बांधव येतात आणि त्यांच्या मागोमाग पुढारीही येतात. जो तो स्वतःला शेतकऱ्याचा पोर म्हणवतो. पण शेतकऱ्याच्या पोटी जन्मणे ही काही लायकी नव्हे. खुर्ची मिळाल्यावर शिवारासाठी काय केलं, हे विचारलं पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माप आपल्या भागातच आहे. पुसद तालुक्यातील गहुली या लहानशा गावात 1 जुलै 1913 रोजी वसंतराव नाईक जन्मले. शेतकरी घर, बंजारा समाज. वकील झाले, 1946 साली पुसदचे नगराध्यक्ष, 1952 साली आमदार. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975, अकरा वर्षांहून अधिक काळ ते मुख्यमंत्री राहिले. त्यांच्या समितीच्या अहवालावरून 1962 साली जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. 1965 साली धान्यटंचाईत त्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्यावर स्वयंपूर्णतेसाठी आपली मानच पणाला लावली आणि संकरित ज्वारीचं बियाणं बांधापर्यंत नेलं. त्यांच्याच काळात राज्यात चार कृषी विद्यापीठं झाली, 1972 च्या दुष्काळात लाखो हातांना काम मिळालं.

सगळंच साधलं असं नाही. 1972 ची कापूस एकाधिकार खरेदी पुढे तोट्यात रुतली. संकरित ज्वारीने कणगी भरली, पण कडबा कमी झाला, हे म्हातारी माणसं आजही सांगतात. तरीही हिशेब मांडता येतो, कारण काम शिवारात दिसतं.

त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच, मग पंचायत समितीचे सभापती, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष अशा पायऱ्या चढत 1991 साली मुख्यमंत्री झाले. जेमतेम पावणेदोन वर्षं मिळाली. तेवढ्यात 1992 साली त्यांनी जलसंधारणाचं वेगळं खातं उभं केलं.

हे आम्ही ऊस उत्पादकांपुढे का मांडतो? कारण पाण्याचा प्रश्न सर्वांत आधी आपल्याच दारात येतो. ऊस वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष पाणी पितो. विहीर आटली की टनेज घसरतं आणि कारखान्याचं गाळपही अडतं. पण निवडणूक आली की चर्चा फक्त दराची! दर हवाच, तो हक्काचा आहे. पण उसाला पाणीच नसेल, तर वाढीव दर लावायचा कशाला?

तेव्हा मत मागायला येणाराला, मग तो संचालक होऊ पाहणारा असो की आमदार, तीन गोष्टी विचारा. गावात बंधारे किती बांधले? ठिबकसाठी सभासदाला काय मदत केली? कारखाना ही सभासदांची संस्था आहे, की तुमच्या पुढच्या खुर्चीची शिडी?

उत्तर गोलमाल आलं तर ओळखून घ्या. आणि वार्षिक सभेला या. नुसती सही करून नाश्ता खाऊन जाऊ नका, उभे राहून बोला. सभासद गप्प बसला की पुढारी शिवार विसरतो.