घरोपयोगी शास्त्र : नांव खरें, पत्ता खोटा

नागपुरांत नवखा आलेला मनुष्य महालांतील एखादा वाडा शोधूं लागला कीं, सीताबर्डीवर त्यास महालाचा रस्ता कळतो, महालांत गल्ली कळते, आणि गल्लीच्या तोंडचा पानवाला नेमकें दार दाखवितो. संगणकावर बँकेचें नांव टाइप केलें असतां पडद्याआड हेंच घडतें. यंत्रें परस्परांस आंकड्यांनीं ओळखतात. म्हणून नांवावरून आंकडी पत्ता सांगणारे संगणक नेमलेले असतात. त्यांस नेम सर्व्हर म्हणतात. ही व्यवस्था, म्हणजे डीएनएस, पॉल मॉकापेट्रिस यांनीं १९८३ सालीं आंखली.

परंतु उत्तर देणारा तोच पानवाला कशावरून? मूळ योजनेंत ह्याची खात्री करण्याची सोय नव्हती. प्रत्येक प्रश्नास एक क्रमांक असे व त्याच क्रमांकाचें जें उत्तर प्रथम येईल तें खरें मानलें जाई. क्रमांक अवघे ६५,५३६. डॅन कॅमिन्स्की यांनीं २००८ सालीं दाखविलें कीं, लबाडास तो अंदाजानें गांठून खोटें उत्तर आधीं घुसडतां येतें. सर्व्हर तें कांहीं काळ ध्यानांत ठेवतो, आणि तोंवर त्यास विचारणारे सारेच ग्राहक फसतात. अक्षर न अक्षर बरोबर लिहूनही! ह्यावर पक्का उपाय म्हणजे उत्तरावर मोहोर. तीस डीएनएससेक म्हणतात. २०१० च्या जुलैंत मूळ सर्व्हरांच्या उत्तरांवर ती आली. मात्र नांवाच्या मालकानें मोहोर लावली व विचारणाऱ्यानें ती तपासली, तरच तिचा उपयोग.

गृहस्थानें काय करावें? घरांतील राउटर कोणास पत्ता विचारतो हें आधीं पाहावें. डीएनएसचेंजर नांवाच्या दुष्ट प्रोग्रॅमनें जगांतील सुमारें चाळीस लक्ष संगणकांस भामट्यांच्या नेम सर्व्हरांकडे वळविलें होतें. ती टोळी २०११ सालीं पकडली गेली. म्हणून राउटरचा मूळचा पासवर्ड त्वरित बदलावा, आणि त्यांतील नेम सर्व्हरचे आंकडे इंटरनेट कंपनीस विचारून ताडून पाहावे. एखादें स्थळ घरच्या जोडणीवर उघडत नाहीं, पण मोबाइलच्या जोडणीवर उघडतें, तर दोष बहुधा घरच्या राउटरांत अथवा कंपनीच्या सर्व्हरांत असतो. राउटर बंद करून पुन्हा चालू करावा. कोठेंच न उघडल्यास दोष पलीकडचा; स्वस्थ बसावें. प्रमाणपत्राविषयीं धोक्याची सूचना आली तर मात्र एक पाऊलही पुढें टाकूं नये.

नांवही नीट वाचावयास शिकावें. मराठी नांवांत आडनांव शेवटीं येतें, तसेंच येथेंही. रिझर्व्ह बँकेनें सर्व बँकांस ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ हें आडनांव घेण्यास सांगितलें होतें. तें हैदराबादच्या आयडीआरबीटी संस्थेकडून बँकांसच मिळतें. पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीं शेवटीं हेंच आडनांव असावें. आरंभीं बँकेचें नांव कोणीही लावूं शकतो.

घरांतील वडील मंडळींचें निवृत्तिवेतन आतां ह्याच वाटेनें येतें. तेव्हां सायंकाळीं दिवेलागणीनंतर एखाद्या नातवानें आजोबांस व आजीस हें आडनांव वाचावयास शिकवावें, आणि फसगत झाल्यास तत्काळ फिरवावयाचा १९३० हा क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.