आधार कोठे आहे?



समजा, तुमच्या गावात एक जुनी बारव आहे. एप्रिल-मे महिन्यांत आसपासच्या विहिरींचे तळ दिसू लागले तरी तिचे पाणी हटत नाही. विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशाच्या इंग्रजी आवृत्तीत तिच्याविषयी एकही ओळ नाही, हे पाहून तुम्ही स्वतःच लेख लिहावयास घेता. बारवेला पायऱ्या किती, तिचा आकार कसा, पाणी कोणत्या महिन्यात किती खोल जाते, हे सारे तुम्ही मन लावून लिहिता. ती अहिल्याबाई होळकरांनी बांधली असे आजी सांगते, तेही त्यात घालता. काही दिवसांनी उत्तर येते : लेख स्वीकारता येत नाही, कारण त्याला विश्वसनीय संदर्भ नाहीत.

तुम्हाला राग येईल. बारव तर डोळ्यांसमोर आहे. मग पुरावा कसला मागता? माझे मत विचाराल तर पुराव्याची ही मागणी योग्यच आहे. मात्र तुमच्या रागातही थोडे तथ्य आहे. दोन्ही गोष्टी नीट समजावून घेऊ.

छापील ज्ञानकोशांची रीत निराळी होती. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. प्रत्येक विषयासाठी जाणकार लेखक निवडला जाई आणि नोंदीखाली त्याचे नाव असे. वाचक त्या नावावर व संपादकावर विश्वास ठेवी. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठीत आला. येथे कोणीही लिहू शकतो. लिहिणारा विद्यापीठातील प्राध्यापक आहे की आठवीतला विद्यार्थी, हे वाचकाला कळण्यास मार्ग नाही. मग विश्वास ठेवायचा कशावर? लेखकावर ठेवता येत नाही, म्हणून तो संदर्भावर ठेवावा लागतो.

चांगल्या संदर्भाची परीक्षा तीन प्रश्नांनी होते. पहिला प्रश्न असा, की हा मजकूर छापण्यापूर्वी दुसऱ्या कोणी तपासला होता काय? संपादक असलेले वृत्तपत्र, नामवंत प्रकाशनाचे पुस्तक, परीक्षकांनी वाचून मान्य केलेला शोधनिबंध येथे उत्तीर्ण होतात. दुसरा प्रश्न : लिहिणारा त्या विषयापासून स्वतंत्र आहे काय? कारखान्याने स्वतःविषयी काढलेले माहितीपत्रक अथवा शाळेने स्वतःविषयी छापलेली स्मरणिका येथे कमी पडते. तिसरा प्रश्न : त्या लेखनात विषयाची पुरेशी माहिती आहे, की नुसता जाता जाता उल्लेख आहे? अशी दोन-तीन स्वतंत्र लेखने हाती असतील तर लेख सहसा टिकतो.

आता तुमच्या लेखाकडे पाहा. आजीची आठवण मोलाची आहे. पण नागपूरच्या किंवा नैरोबीच्या वाचकाने ती पडताळून पाहायची कशी? पाण्याची पातळी तुम्ही दर महिन्याला दोरी सोडून मोजली असेल, तर ते उत्तम विज्ञान झाले. परंतु नवे निरीक्षण मांडण्याची जागा ज्ञानकोश ही नव्हे. ते आधी विज्ञान प्रदर्शनात, नियतकालिकात, शोधनिबंधात मांडावे. दुसऱ्यांनी ते तपासावे. मग ज्ञानकोशाने त्याची नोंद घ्यावी. हा क्रम उलटा झाला तर काय होते, त्याचे एक मासलेवाईक उदाहरण सांगतो.

अमेरिका खंडांत कोआटी नावाचा, रॅकूनच्या कुळातला एक प्राणी आहे. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून विकिपीडियात लिहून टाकले, की कोआटीला ‘ब्राझीलचा आर्डव्हार्क’ असेही म्हणतात. आर्डव्हार्क हा आफ्रिकेतला प्राणी. कोआटीशी त्याचे काहीही नाते नाही. संदर्भ कोणी मागितला नाही. पुढे काही वृत्तपत्रांनी हे नाव तेथूनच उचलले, काही पुस्तकांतही ते शिरले. आणि मग गंमत पाहा : ज्या वाक्याला आधार नव्हता, त्याला ही वृत्तपत्रेच आधार म्हणून जोडली गेली! २०१४ साली हा प्रकार उघडकीस येईपर्यंत सहा वर्षे ते खोटे नाव जगभर हिंडत होते. साप आपलीच शेपटी गिळू लागावा, तसे हे झाले. अशा चक्रात एकदा चूक सापडली, की ती बाहेर काढणे फार अवघड असते. म्हणून दारातच ‘आधार कोठे आहे?’ असे विचारणारा हवा.

पण थांबा. दारावरचा पहारेकरी नेहमीच बरोबर असतो असे समजू नका.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात डॉ. डोना स्ट्रिकलंड नावाच्या भौतिकीतज्ज्ञ आहेत. १९८५ साली त्यांनी आपले मार्गदर्शक झेरार मूरू यांच्यासह लेसरविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. लेसरचे अत्यल्प काळाचे स्पंद थेट वर्धित केले तर वर्धक यंत्रणाच खराब होते. त्यांनी युक्ती काढली, ती अशी : स्पंद आधी काळाच्या दृष्टीने ताणून लांब करावा, म्हणजे त्याची तीव्रता उतरते, मग तो वर्धित करावा, आणि शेवटी पुन्हा आकुंचित करावा. आज डोळ्यांच्या काही शस्त्रक्रियांतही या युक्तीवर आधारलेले लेसर वापरतात. २०१८ साली त्यांच्यावरील लेखाचा मसुदा विकिपीडियाकडे आला. मे महिन्यात तो परत केला गेला. मसुद्यातील संदर्भांवरून या व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा असे दिसत नाही, हे कारण. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून जाहीर झाले! मेरी क्यूरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतर हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री शास्त्रज्ञ होत.

येथे दोष कोणाचा? नियमच चुकीचा, असे पुष्कळांनी म्हटले. मला ते पटत नाही. स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेतील ऑप्टिकल सोसायटी या मोठ्या शास्त्रीय संस्थेच्या अध्यक्ष होत्या, आणि असे पद भूषवलेल्या शास्त्रज्ञांवर लेख असू शकतो, असे विकिपीडियाच्याच निकषांत आहे. तेव्हा नियम होता, तो नीट लावला गेला नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. इतके मोठे काम करूनही त्यांच्याविषयी वृत्तपत्रांनी व नियतकालिकांनी फारसे लिहिले नव्हते. ज्ञानकोश हा आरसा आहे. जगाने ज्यांच्याविषयी लिहिलेच नाही, ते त्यात दिसत नाहीत. स्त्रिया, खेडी, लहान भाषा, हाताने काम करणारे कारागीर यांच्यावर हा अन्याय अधिक होतो, आणि तुमची बारवही याच रांगेत उभी आहे.

मग उपाय काय? नियम सैल करावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे केले तर बारवेबरोबर शंभर ‘ब्राझीलचे आर्डव्हार्क’ही आत शिरतील. उपाय आहे तो आधार शोधण्याचा, आणि नसेल तर निर्माण करण्याचा.

शोधायचा कोठे? संदर्भ इंग्रजीतच हवा, किंवा इंटरनेटवरच हवा, असा नियम नाही. तालुक्याच्या ग्रंथालयातील मराठी पुस्तकही चालते; लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक मात्र अचूक द्यावे. जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडून पाहा. बारवेवर शिलालेख असेल, तर त्याचे वाचन पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकासारख्या ठिकाणी पूर्वी छापले गेले आहे काय, ते पाहा. परिसरातील भूजलाच्या पातळीसाठी राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या नोंदी आहेत. आणि जे सापडेल ते तसेच्या तसे उतरवू नका. स्वतःच्या शब्दांत लिहा. अहिल्याबाईंविषयी आधार मिळाला नाही, तर ते वाक्य गाळण्याचे धैर्य दाखवा.

काहीच सापडले नाही, तर लेख बाजूला ठेवा आणि वही उघडा. बारवेचे माप घ्या, नकाशा काढा, वर्षभर पाण्याची नोंद ठेवा, वृद्धांच्या आठवणी त्यांच्या नावानिशी व तारखेनिशी टिपून घ्या. शिक्षकांकडून तपासून घ्या. एखाद्या इतिहास संशोधकाला किंवा भूशास्त्राच्या प्राध्यापकाला बारव दाखवायला बोलवा आणि तिच्यावर लिहिण्याची विनंती करा. त्यांचा लेख छापून येईल, तेव्हा तो तुमच्या किंवा तुमच्या मागून येणाऱ्या कोणाच्या तरी लेखाचा पहिला संदर्भ ठरेल. याला दोन वर्षे लागतील, कदाचित चारही लागतील. बारव तोवर तेथेच असेल. आठवणी सांगणारी माणसे मात्र असतीलच असे नाही. तेव्हा वही आजच उघडलेली बरी.