एका ओळीचे दाखले बंद करा

शीळफाटा, पलावा, दिवा, मुंब्रा या पट्ट्यातल्या वाचक डॉक्टरांच्या पत्रांत एकच तक्रार सारखी येते आहे. वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलाचे आईवडील दवाखान्यात येऊन सांगतात, ‘डॉक्टर, बारावीच्या वेळच्या मानसिक उपचारांच्या गोळ्यांचा उल्लेख नको. नुसते फिट लिहून द्या.’ नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून आपल्या भागात वैमानिकाच्या परवान्याची ओढ वाढली आहे. आपल्यातले काही जण असे दाखले देतातही. ते ताबडतोब थांबले पाहिजे.

परवान्यासाठीची क्लास टू वैद्यकीय तपासणी निभावली तरी क्लास वनला मानसिक तपासणी चुकत नाही. सहा महिने एसिटालोप्राम घेऊन पूर्ण बरा झालेला मुलगा आपली बाजू मांडू शकतो. खोट्या निवेदनावर सही केलेल्याला ती सोय उरत नाही. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान डोंगरावर आदळवले आणि १५० जीव गेले. डॉक्टरांनी त्याला कामासाठी अयोग्य ठरवले होते, पण ती चिठ्ठी त्याने कंपनीपासून लपवली होती. फ्रेंच तपासयंत्रणेने उड्डाणाचा हक्क आणि उत्पन्न गमावण्याच्या भीतीवरही बोट ठेवले.

ही भीती कमी करणे यंत्रणेचे काम आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) फेब्रुवारी २०२३ मध्ये वैमानिकांच्या मानसिक आरोग्यासाठी सूचना काढल्या, त्यांचे स्वागत. पण औषध बंद करून किती काळ लोटावा, कोणत्या तज्ज्ञाचा अहवाल चालेल, कोणत्या मानसशास्त्रीय चाचण्या जोडाव्यात, याचे उत्तर वाचकांना प्रत्येक खिडकीवर वेगळे मिळते. घरच्यांनी प्रशिक्षणाचे कर्ज काढायचे आणि मुलाने अंदाजाने कागद गोळा करायचे, हे चालणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ सांगतो की पूर्वीच्या उपचारांची माहिती विचारात घेता येते, पण केवळ तेवढ्यावरून आज आजार आहे असे ठरवता येत नाही. याच तत्त्वावर आधारलेले, एका पानाचे, स्पष्ट निकष मराठीतही जाहीर व्हावेत. अधिकाऱ्यांना एवढे जमायला हरकत नसावी.

मात्र त्यांची वाट पाहत आपण हातावर हात ठेवून बसू नये. अहवाल पूर्ण लिहा: निदान, सुरुवात, तीव्रता, औषधाची मात्रा, बंद केल्याची तारीख, पुनरुद्भव झाला का, आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न होते का, आजची झोप, कामकाज आणि मानसिक स्थितीची तपासणी (एमएसई). पालकांना स्पष्ट सांगा की जुनी फाइल फाडणार नाही आणि निदानही बदलणार नाही. परवान्याच्या धास्तीने औषध अचानक सोडणाऱ्या मुलाला आधी थांबवा. अर्ज नंतरही करता येतो.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या आयएमए शाखांनी येत्या सभेत हा विषय घ्यावा. नाव-पत्ता वगळून आपले नमुना अहवाल आमच्याकडे पाठवा. त्यांतून एक सामाईक मसुदा करून पुढच्या अंकात छापू आणि तोच डीजीसीएकडे धाडू. उपचार घेतले म्हणून एकाही मुलाला खोटे बोलावे लागू नये, यासाठी निदान आपल्या सहीचा कागद खरा ठेवा.