दात तपासताना घोरण्याचंही विचारा

सोलापूर : ‘पोरगं घोरतंय म्हणजे गाढ झोपलंय,’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. पण रोज रात्री घोरणारं, तोंड उघडं टाकून झोपणारं, मधेच श्वास अडकून दचकणारं पोर गाढ झोपलेलं नसतं. वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइडची गाठ त्याची हवा अडवते. परिणाम दिवसा दिसतो. वर्गात लक्ष नाही, चिडचिड, कधी अंथरूण ओलं. मग ‘आळशी’ म्हणून शिक्का बसतो. शंभरात साधारण 1 ते 5 मुलांना हा त्रास असतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून शाळांत वर्षातून एकदा, अंगणवाड्यांत दोनदा मुलं तपासतात. त्यांच्या यादीत दातांचे आजार आहेत, घोरणं नाही. अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं मात्र 2017 मध्येच दातांसोबत हेही तपासायचं धोरण घेतलं.

आपल्याकडं त्यासाठी नवं मशीन नको. दातांसाठी तोंड उघडलेलंच असतं. मागचे टॉन्सिल आणि अरुंद टाळूही बघावी. घोरण्याचं उत्तर आईकडं असतं, आणि ती तपासणीला हजर नसते. म्हणून आदल्या दिवशी घरी चिठ्ठी द्यावी : रोज घोरतो का? श्वास अडकतो का?

प्रत्येक घोरणं आजार नाही. निदान कान-नाक-घसा तज्ज्ञच करणार. करमाळ्याहून सोलापूरला सिव्हिलला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळं नेमकं पोर निवडून पाठवणं, हेच या तपासणीचं खरं काम.