नक्कल आणि सही

जुन्या रोलेक्स सबमरिनरची हुबेहूब नक्कल घरी बनवणारे हौशी लोक जगभर आहेत. शॉन कॉनरीने १९६२च्या 'डॉ. नो'मध्ये बांधलेलं ६५३८ हे मॉडेल त्यांचं विशेष लाडकं. नवी केस कानशीने घासायची, बेझल ब्लीचमध्ये बुडवून फिका करायचा, काट्यांत जुन्या रेडियमसारखा पिवळट रंग भरायचा. मग भिंग लावून एकमेकांचं काम तपासायचं: चावीची जाडी, अक्षरांचं वळण.

या मेहनतीला मी नावं ठेवणार नाही. उर्दू खुशनवीसीत शागीर्द वर्षानुवर्षं उस्तादांचं अक्षर गिरवतोच. पण खाली उस्तादांची सही करत नाही. इथे मात्र डायलवरचं नाव जितकं अस्सल, तितके गुण जास्त!

"आम्ही विकत थोडंच बसलोय?" मान्य. पण घड्याळ माणसापेक्षा जास्त टिकतं. २०१७मध्ये पॉल न्यूमनची रोलेक्स डेटोना लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरला गेली. अशा बाजारात आजोबांच्या कपाटातलं घड्याळ नातू खरं समजूनच विकेल, आणि घेणारा बुडेल.

मागच्या झाकणाच्या आतून स्वतःचं नाव आणि साल कोरायला कितीसा वेळ लागतो? झाकण उघडल्याशिवाय ते दिसणारही नाही.