विश्लेषण : एक किलो हलकी सायकल की एक तास जास्त झोप? हौशी माउंटन बाइक रेसरच्या वर्षभराचा हिशेब

पावसाळा संपत आला की सायकलिंगच्या ग्रुपवर दोन विषय हमखास सुरू होतात. यंदा कोणत्या रेसला नाव द्यायचे आणि सायकलचे काय काय बदलायचे. नोकरी, घर आणि ट्रॅफिक यांतून आठवड्याला जे सात-आठ तास सुटतात ते नेमके कुठे घालवायचे, हा तिसरा विषय मात्र मागे पडतो. हौशी रेसरचा निकाल बहुतेक वेळा तिथेच ठरतो. तो कसा, हे समजून घेऊ.

क्रॉस कंट्री रेस म्हणजे नेमके काय?

माउंटन बाइकिंगचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी ऑलिम्पिकमध्ये असलेला प्रकार म्हणजे क्रॉस कंट्री. १९९६च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला. मातीच्या, दगडगोट्यांच्या साधारण चार ते सहा किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर ठरावीक फेऱ्या मारायच्या. सगळे स्पर्धक एकाच वेळी सुटतात आणि शेवटची फेरी जो आधी पूर्ण करेल तो जिंकतो. अव्वल गटाची रेस साधारण सव्वा ते दीड तास चालते. हौशी आणि वयोगटांच्या रेसमध्ये फेऱ्या कमी असतात.

भारतात या खेळाचे नियमन सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया करते आणि राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही होते. ऑक्टोबर २०२३मध्ये आशियाई माउंटन बाइक स्पर्धा केरळमधील पोनमुडी येथे झाली होती. हिमाचलमध्ये २००५पासून सुरू झालेली ‘एमटीबी हिमालया’ ही मात्र वेगळ्या जातीची रेस आहे. ती अनेक दिवस, टप्प्याटप्प्याने चालते. दोन्हींची तयारी सारखी नसते, त्यामुळे नाव नोंदवण्याआधी प्रकार नीट वाचून घ्यावा.

तासाभराची रेस इतकी का दमवते?

रस्त्यावरच्या लांब राइडमध्ये एक लय पकडता येते, दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो. इथे ती सोय फारशी नाही. चढावर जीव काढून पेडल मारायचे, माथ्यावर श्वास सावरण्याआधी उतार सुरू होतो, आणि उतारावर पायांऐवजी हात, खांदे, पाठ आणि डोके कामाला लागते. रेसभर असे झटके बसत राहतात.

सुरुवात तर आणखी अवघड. मार्ग लवकरच एका सायकलपुरत्या अरुंद वाटेत शिरतो आणि तिथे पुढच्याला ओलांडणे कठीण असते. म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे सगळे जोरात पळतात. नवखा रेसर इथेच सगळा जोर खर्च करून बसतो आणि दुसऱ्या फेरीपासून मागे पडत जातो.

तरीही पहिल्या फेरीत सगळे संपत नाही. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचे चाक पंक्चर झाले आणि तो अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे पडला. घाई न करता त्याने अंतर कमी करत नेले, शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकले आणि सुवर्णपदक जिंकले. त्याची ताकद आपल्याकडे नसते, पण दम राखून ठेवण्याचा हिशेब आपल्यालाही लागू पडतो.

सायकल एक किलोने हलकी केली तर किती फरक पडतो?

आता थोडे गणित. समजा, रेसरचे वजन ६८ किलो, सायकल १२ किलो, पाणी-बूट-हेल्मेट मिळून दोन किलो. एकूण ८२ किलो. प्रत्येक फेरीत १०० मीटर उंचीचा एक चढ आहे. एवढे वजन १०० मीटर वर नेण्यासाठी सुमारे ८० हजार ज्यूल ऊर्जा लागते. रेसर सलग २२० वॅट देऊ शकत असेल तर हा चढ साधारण सहा मिनिटे पाच सेकंदांत होईल. मातीचे घर्षण आणि हवेचा विरोध यात धरलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ जास्तच लागेल. तुलनेसाठी मात्र हे आकडे पुरेसे आहेत.

आता सायकल एक किलोने हलकी करा. त्याच २२० वॅटवर वाचतात साडेचार सेकंद. चार फेऱ्यांत १८ सेकंद. चाके, हँडल, सीटपोस्ट बदलून एक किलो कमी करायचे म्हटले तर खर्च सहज हजारोंच्या घरात जातो.

दुसरा पर्याय पाहा. सायकल तीच, पण रेसर २२० ऐवजी २४० वॅट देऊ लागला. मग एका चढात ३० सेकंद वाचतात, चार फेऱ्यांत दोन मिनिटे. ज्याचा सराव आतापर्यंत जमेल तसा चालला होता, त्याच्यासाठी एका हंगामात २० वॅटची वाढ आवाक्याबाहेरची नसते.

अपग्रेड वाईट नाहीत. हौसेला मोल नसते, हेही खरे. पण पैसे टाकायचेच असतील तर आधी टायर, ब्रेक पॅड आणि सर्व्हिसिंगवर टाकावेत. त्यातही एक सुधारणा फुकट आहे, ती म्हणजे हवेचा दाब. रस्त्यावरच्या सवयीने अनेकजण ४० पीएसआय हवा भरून टेकडीवर जातात. चाक प्रत्येक दगडावर उसळते आणि पकड सुटते. सव्वादोन इंची ट्यूबलेस टायरला ६८ किलोच्या रेसरसाठी २० ते २५ पीएसआय हा सुरुवातीचा चांगला अंदाज आहे. तिथून एकेक पीएसआय कमी-जास्त करत आपला आकडा शोधावा.

मग वॅट वाढवायचे कसे?

इथे बहुतेकांची गल्लत होते. वेळ कमी म्हणून प्रत्येक राइड जोरात मारायची, असा सरळ विचार केला जातो. परिणाम असा की सोपे दिवस पुरेसे सोपे राहत नाहीत आणि कठीण दिवशी पायात जोर उरत नाही. सगळा सराव मधल्या पट्टीत अडकतो. घाम येतो, सुधारणा येत नाही.

नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल धावपटू, स्कीपटू, रोइंगपटू आणि सायकलपटूंच्या सरावाचा अभ्यास केला. त्यांना दिसले की या खेळाडूंची सुमारे ८० टक्के सत्रे हलकी असतात आणि उरलेली खरोखर कठीण. आठवड्याला आठ तास देणाऱ्याने हे प्रमाण काटेकोर पाळलेच पाहिजे असे नाही. तत्त्व मात्र तेच आहे. सोपे ते सोपे ठेवा, म्हणजे कठीण ते कठीण करता येईल.

राइड सोपी आहे हे ओळखण्यासाठी पॉवर मीटर लागत नाही. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे. ‘२२० वजा वय’ या सूत्रावर हृदयगतीचे टप्पे ठरवणारे ॲप सरासरी सांगते. प्रत्यक्ष कमाल गती त्यापेक्षा दहा-बारा ठोक्यांनी वर किंवा खाली असू शकते.

आठ तासांचा आठवडा कसा दिसेल?

सोमवार : पूर्ण विश्रांती.
मंगळवार : एक तास. त्यात चार मिनिटे जोरात, तीन मिनिटे हलके, असे चार वेळा.
बुधवार : पाऊण तास अगदी हलके.
गुरुवार : एक तास तंत्राचा सराव. वळणे, उतार, दगडांच्या पायऱ्या. इथे वेग नव्हे, नजर आणि तोल महत्त्वाचा.
शुक्रवार : पाऊण तास घरच्या घरी ताकदीचे व्यायाम. स्क्वॉट, प्लँक, पुश-अप.
शनिवार : दीड तास, त्यात रेसच्या वेगाने दोन-तीन चढ.
रविवार : तीन तास सलग, गप्पा मारता येतील अशा वेगाने.

ऑफिसचे काम वाढले की यातले काही सुटणारच. मग सुटलेली राइड दुसऱ्या दिवशी भरून काढू नये, ती सोडून द्यावी. रात्री बारापर्यंत जागून पहाटे साडेचारला इंटर्व्हलसाठी उठणे म्हणजे एका हाताने कमवून दुसऱ्या हाताने उधळणे. शरीर सुधारते ते राइडनंतरच्या विश्रांतीत. झोप कापून वाढवलेला सराव म्हणूनच महागात पडतो.

महाराष्ट्राच्या हवामानात वर्षाची आखणी कशी करावी?

परदेशी ट्रेनिंग प्लॅन बर्फ वितळण्याच्या हिशेबाने लिहिलेले असतात. आपले वर्ष पावसावर चालते.

जून ते सप्टेंबर हा पाया घालण्याचा काळ. हलक्या लांब राइड, घरी ट्रेनर असेल तर त्यावर सराव आणि ताकदीचे व्यायाम. भर पावसात टेकडीवरच्या वाटा टाळाव्यात. ओल्या मातीत चाकांचे चर पडतात, पुढच्या सरींचे पाणी त्याच चरांतून वाहते आणि वाट खचते. काळी माती असेल तर ती चाकात आणि चेनमध्ये इतकी घट्ट बसते की सायकल उचलूनच घरी आणावी लागते. शिवाय पुण्यातील वेताळ टेकडीसारख्या जागा फिरायला येणारे लोक, झाडे आणि मोर यांच्याही आहेत. उतारावर वेग आवरणे, पायी चालणाऱ्याला आधी वाट देणे आणि नव्या वाटा न पाडणे एवढे केले, तरच या टेकड्या सायकलसाठी खुल्या राहतील.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीव्रता वाढवावी. हिवाळ्याचे महिने रेससाठी उत्तम. पूर्ण हंगामात दोनच रेस महत्त्वाच्या मानाव्यात, बाकीच्या सरावासाठी. प्रत्येक रविवारी शिखरावर राहता येत नाही. हंगाम संपला की दोन आठवडे सायकलला हात लावला नाही तरी चालते. एप्रिल-मेच्या उन्हात सकाळी लवकर, थोडेच आणि पाणी-मीठ सांभाळून चालवावे.

रेसच्या आधी आणि रेसच्या दिवशी काय करावे?

शेवटचे सात ते दहा दिवस सरावाचे तास जवळपास निम्मे करावेत, पण थोडा जोराचा सराव चालू ठेवावा. शेवटच्या आठवड्यात जास्त मेहनत करून ताकद वाढत नाही, फक्त थकवा वाढतो. आदल्या दिवशी मार्ग फिरून पाहावा आणि अवघड जागा पायी चालून तपासाव्यात.

रेसच्या दोन-तीन तास आधी पोहे किंवा उपमा चालतो. वडापाव रेसनंतर. तासाभराच्या रेसमध्ये ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, पण दगडांच्या वाटेवर केळे सोलणे जमत नाही. त्यापेक्षा अर्धा लिटर पाण्यात तीन मोठे चमचे साखर, लिंबू आणि चिमूटभर मीठ घातलेले सरबत सोयीचे. मात्र ते आधी सरावात पिऊन पाहावे. रेसच्या दिवशी पोटावर नवा प्रयोग करू नये.

कधी थांबायचे?

हा प्रश्न सर्वात महत्त्वाचा, आणि सर्वात कमी विचारला जाणारा. सकाळी उठल्यावरची हृदयगती काही दिवस नेहमीपेक्षा जास्त राहिली, झोप उडाली, चिडचिड वाढली, नेहमीचा चढ जड वाटू लागला, तर दोन-तीन दिवस विश्रांती घ्यावी. ताप असताना सायकल चालवू नये. विषाणूजन्य आजारात जोराचा व्यायाम हृदयाच्या स्नायूंना धोकादायक ठरू शकतो. डेंग्यूनंतर तर डॉक्टरांना विचारूनच हळूहळू परतावे.

पडल्यावर डोक्याला मार लागला असेल, गरगरत असेल किंवा मळमळत असेल तर रेस तिथेच संपली, फिनिश लाइन दिसत असली तरी. डॉक्टरांना दाखवावे आणि आपटलेले हेल्मेट बदलावे. बाहेरून तडा दिसत नसला तरी आतला फोम एकदाच काम करतो.

जबाबदारी फक्त रेसरची आहे का?

नाही. तयारीला तीन महिने लागतात, तर तारीखही तीन महिने आधी कळायला हवी. ऐन वेळी रेस जाहीर झाली किंवा पुढे ढकलली तर सगळी आखणी कोलमडते. नोकरदाराला तर सुट्टीही काढायची असते. मार्गाचा नकाशा, चढ-उताराची माहिती, अवघड जागेला सोपी पर्यायी वाट, प्रत्येक धोक्याच्या वळणावर स्वयंसेवक आणि मार्गापर्यंत पोहोचू शकणारी रुग्णवाहिका या गोष्टी आयोजकांनी प्रवेश फी घेतानाच स्पष्ट सांगाव्यात. टी-शर्ट आणि पदक नंतर. आणि रेसरनीही फी भरण्याआधी हे प्रश्न विचारावेत.

रात्र थोडी आणि सोंगे फार, अशी हौशी रेसरची अवस्था असते. त्याला जास्त तास कुणी देऊ शकत नाही. आहेत ते तास नीट वाटून घेणे मात्र त्याच्याच हातात आहे. यंदाची नोंदणी सुरू होण्याआधी कॅलेंडर उघडा. दोन रेस निवडा, विश्रांतीचे दिवस आधी लिहा आणि मग उरलेल्या जागेत सराव भरा. पार्ट्सची यादी त्यानंतर केली तरी उशीर होत नाही.